मोटारहोममागे ओढलेल्या पिकअपचे ब्रेक गरम होतात, तेव्हा शोध कुठून सुरू करावा

नमस्कार. तुमच्या प्रश्नातली माहिती आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. तुमच्याकडे पेट्रोलवर चालणारी क्लास ए, म्हणजे बसएवढी मोठी, मोटारहोम आहे. तिच्यामागे जीप ग्लॅडिएटर ही पिकअप चारही चाकं जमिनीवर ठेवून टो बारने, म्हणजे ओढायच्या दांड्याने, ओढता. ग्लॅडिएटरमध्ये चालकाच्या सीटपुढे जमिनीवर ठेवायची, मोटारहोमचा वेग कमी झाला की पिकअपचं पेडल आपोआप दाबणारी ब्रेकपेटी आहे आणि तिचा दांडा ब्रेक पेडलला पकडलेला असतो. कॅलिफोर्नियातली डॉनर समिट ही खिंड उतरून सॅक्रामेंटोकडे येताना कोलफॅक्सजवळ जळका वास आला आणि पुढच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या, निळसर झालेल्या दिसल्या. वर्कशॉपने डिस्कला घासणारे पुढचे पॅड बदलले आणि ते पॅड दाबणारे कॅलिपर चांगले असल्याचं सांगितलं. पुढच्या प्रवासात आय-५ हायवेवर, अगदी सपाट रस्त्यावर, पुन्हा तसाच वास आला. मुक्कामी पोहोचलात तेव्हा ग्लॅडिएटरची बॅटरी उतरलेली होती. आता कोणीतरी सल्ला दिला आहे की पेटी काढून टाका, एवढ्या मोठ्या गाडीला मागच्या पिकअपचं ओझं जाणवतही नाही.

सुरुवात या सल्ल्यापासून करतो, कारण तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही. पेटी कायमची काढू नका. खाली दिलेल्या चाचण्या सोडल्या तर दोष सापडेपर्यंत पिकअप ओढूच नका, कोणाला तरी ती मागून चालवत आणायला सांगा. ग्लॅडिएटर सामानासकट साधारण ५,००० पाउंडांची, म्हणजे सव्वादोन टनांची असते. ताशी ६० मैलांवरून ती पूर्ण थांबवताना जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते, त्याच्या जवळजवळ अडीचपट ऊर्जा ६ टक्के उताराच्या एकाच मैलात गुरुत्वाकर्षण तिला देत असतं. त्यातली थोडी चाकांच्या आणि हवेच्या घर्षणात जाते, पण बाकीची कोणाला तरी झेलावी लागते. पिकअपला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती सगळी मोटारहोमच्या ब्रेकवर येते, आणि ते ब्रेक आधीच दहा-अकरा टन सांभाळत असतात. सपाट रस्त्यावर ओझं जाणवत नाही हे खरं आहे. पण ओझं कळतं ते उतारावर, किंवा समोरचा अचानक थांबतो तेव्हा. शिवाय अनेक राज्यांत ठरावीक वजनावरच्या ओढलेल्या वाहनाला ब्रेक असणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि कित्येक चासी उत्पादकांचीही तीच अट असते.

आता मूळ प्रश्नाकडे. वर्कशॉपने शोध घेतला तो ब्रेक खराब आहेत का याचा. अशा तक्रारीत तो प्रश्न बहुधा नंतरचा असतो. गाडीत माणूस नव्हता, मग पेडल कोणी दाबलं, कधी दाबलं, आणि दाबल्यावर ते पूर्ण सुटलं का, हे आधी बघायला हवं. एरवी पेडलवर आपला पाय असतो, ब्रेक धरलेले असले तर पायाला कळतं, गाडी जड वाटते, वास येतो. ओढलेल्या गाडीत ही जाणीव कोणालाच नसते. मोटारहोमच्या चालकाला मागचं काही कळत नाही, कारण त्याच्या इंजिनच्या ताकदीपुढे तो अडथळा किरकोळ असतो. समजा पेडल अगदी हलकं दाबलेलं राहिलं आणि पिकअपला फक्त वीस किलोचा विरोध होतोय. ताशी ६० मैलांच्या वेगाला त्यातून सुमारे सव्वापाच किलोवॉट उष्णता तयार होते. म्हणजे घरातल्या दोन-अडीच विजेच्या शेगड्या पॅड आणि डिस्कच्या मध्ये तासन् तास पेटत्या ठेवल्यासारखं झालं. डिस्क निळी पडायला जोरात ब्रेक लागण्याची गरज नसते. हलकाच पण सतत लागलेला ब्रेक तेच करतो.

तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही शेवटी ओझरती लिहिली आहे: बॅटरी उतरली. ही वेगळी तक्रार नाही, पहिल्या तक्रारीचाच पुरावा आहे. इग्निशन बंद असलं तरी बहुतेक गाड्यांत पेडल दाबलं की ब्रेकचे दिवे लागतात. पेडल तासन् तास थोडं दाबलेलं राहिलं तर दिवे तेवढा वेळ बॅटरी खातात. पेटीतला कॉम्प्रेसर हवेचा दाब टिकवायला पुन्हा पुन्हा चालू होत असेल तर तोही खातो. सपाट रस्त्यावर वास आणि सोबत बॅटरी रिकामी, हे दोन्ही एकत्र आले की माझा पहिला संशय कॅलिपरवर जात नाही, पेडल पूर्ण सुटत नव्हतं यावर जातो. कॅलिपर चिकटला असता तर चाक गरम झालं असतं, पण दिवे लागले नसते.

म्हणून पहिली तपासणी घराच्या दारात, गाडी उभी असताना करा. ड्राइव्हवे सपाट असू द्या, चाकांना अडथळे लावा आणि एक माणूस पिकअपच्या मागे उभा करा. पेटी नेहमीसारखी बसवा, दांडा पेडलला लावा, पेटी चालू करा. काहीही दाबलेलं नसताना मागचे दिवे पूर्ण विझलेले हवेत. मग पेटीच्या चाचणीच्या बटणाने ब्रेक लावा आणि सोडा, असं बऱ्याचदा करा. दर वेळी दिवे लगेच विझतात का, की काही सेकंद रेंगाळतात, ते बघा. पण दिव्यांवर शंभर टक्के विसंबू नका. काही गाड्यांत पेडल थोडं सरकल्यावरच दिव्याचा स्विच लागतो. तोपर्यंत पॅड डिस्कला टेकलेले असू शकतात. म्हणून दांडा लावण्याआधी पेडल आणि जमीन यांतलं अंतर टेपने मोजा, आणि दांडा लावल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही मापं तंतोतंत सारखी यायला हवीत. थोडाही फरक आला तर दांड्याची लांबी किंवा पेटीची जागा चुकते आहे. अनेकजण दांडा घट्ट बसावा म्हणून पेडलला थोडा दाब देऊनच पेटी लावतात. तो दाब मग पूर्ण प्रवासभर राहतो.

जागेची गोष्ट निघाली म्हणून सीटबद्दल सांगतो. अशी पेटी पेडल पुढे ढकलते, तेव्हा ती स्वतः मागे सरकायला बघते आणि तिला मागून आधार सीटचा असतो. सीट घसरली तर ब्रेक कमी लागतो. सीट फार पुढे आणून पेटी मध्ये घट्ट दाबून बसवली तर ब्रेक सुटतच नाही. माझ्याकडे आलेल्या एका पिकअपमध्ये मेमरी असलेली विजेची सीट होती. मालक दार उघडून पेटी बसवायचे, दार लावायचे, आणि किल्लीने कुलूप करताना सीट आपल्या ठरलेल्या जागी सरकायची. उभ्या गाडीत तपासायला गेलं की सगळं बरोबर दिसायचं, कारण तपासणारा दार उघडं ठेवून तपासायचा. म्हणून शेवटचं माप दार लावून, कुलूप करून, काचेतून बघा. पायपुसणं पेटीखाली नको. ते सरकतं, आणि पेटी तिरकी होते. रबरी जाड पायपुसणी तर काढून मागे टाका.

पुढचा मुद्दा बूस्टरचा, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने पायाच्या जोरात भर घालणाऱ्या डब्याचा. तुम्ही लिहिलंय की इंजिन बंद असताना पेडल दोन-तीन वेळा दाबलं की कडक होतं. म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि मग पायाची ताकद थेट ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरवर जाते. अशा गाडीत पेटी बसवण्याआधी इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबून व्हॅक्यूम संपवायचा आणि मगच पेटी लावून जोर ठरवायचा. हे राहून गेलं तर प्रवासातले पहिले एक-दोन ब्रेक बूस्टरच्या मदतीने अवाजवी जोरात लागतात. ओढताना इग्निशन बंद असेल तर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस काम करत नाही. चाक लॉक होऊन टायरला सपाट चट्टे पडू शकतात, ओल्या रस्त्यावर तर लवकरच. उलट चूकही होते. व्हॅक्यूम असताना जोर ठरवला, आणि तो संपल्यावर तोच जोर अपुरा पडला, तर उतारावर पिकअप नुसती मागून ढकलत राहते. बाजारात नव्या पिकअपमध्ये विजेवर चालणारे बूस्टर आले आहेत, उदाहरणार्थ २०१९ पासूनच्या सिल्व्हराडो १५०० मध्ये. तिथे वरचा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही, आणि पेटी बनवणाऱ्याने त्या मॉडेलसाठी दिलेली वेगळी सेटिंग पाळावी लागते. हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनी ग्लॅडिएटरवरून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नये.

आता डॉनरचा उतार. माझ्या मते तिथे जे झालं त्याचं कारण आय-५ पेक्षा वेगळं असू शकतं, किंवा दोन्ही कारणं एकावर एक आलेली असू शकतात. समिट सात हजार फुटांवर, ऑबर्न बाराशे फुटांच्या आसपास. मधे पन्नास-साठ मैल रस्ता खाली येतो, काही ठिकाणी चांगला तीव्र. तुमच्या वर्णनावरून पेटीला मोटारहोमच्या ब्रेक दिव्यांची तार जोडलेली नाही. ती गाडीचा वेग कमी होतोय का हे आतल्या सेन्सरने ओळखते. या सेन्सरची एक मर्यादा समजून घ्यायला हवी. पिकअपचं नाक खाली झुकलं की गुरुत्वाकर्षणाचा काही भाग पुढच्या दिशेने खेचतो, आणि सेन्सरला ते वेग कमी झाल्यासारखंच दिसतं. ६ टक्के उतारावर, वेग एकसारखा असतानाही, सेन्सरला ०.०६ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) एवढी मंदगती दिसते. आपण शहरात नेहमीसारखा ब्रेक लावतो तेव्हा ती साधारण ०.२ ते ०.३ जी असते, त्यामुळे एकटा उतार पेटीला फसवायला पुरेसा नसतो. पण मोटारहोम टो-हॉल मोडमध्ये, म्हणजे ओझं ओढतानाच्या गिअर सेटिंगमध्ये, असेल आणि गिअर खाली पडल्यावर इंजिन गाडीला रोखू लागलं तर तेही त्यात मिळतं. शिवाय पेटी जमिनीच्या उंचवट्यावर थोडी पुढे झुकलेली बसली असेल तर तीही भर. आणि संवेदनशीलता सगळ्यात वरच्या टोकाला असेल तर पेटी ब्रेक लावून टाकते. तुम्ही ब्रेकला पायही लावलेला नसतो आणि मागची गाडी मैलामागून मैल घासत असते.

यावर उपाय तीन पायऱ्यांचा आहे. पेटी सपाट बसली आहे का हे लहान लेव्हलने बघा आणि बसवण्याच्या सूचनांप्रमाणे तिचा सेन्सर शून्यावर आणा. संवेदनशीलता मधल्या पातळीवर आणून रिकाम्या रस्त्यावर परीक्षण करा. आणि तुमच्या पेटीत सोय असेल तर मोटारहोमच्या ब्रेक दिव्यांचा संदेश तिच्यापर्यंत आणा, म्हणजे वेग कमी होतोय आणि चालकाने ब्रेकही दाबलाय, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तेव्हाच ती काम करेल. डोंगरात फिरणाऱ्यांना मी हे काम आवर्जून करून घ्यायला सांगतो. जुनी पेटी असली तरी तिला ही तार जोडायचा पर्याय बहुतेकदा असतो.

संदेशाच्या तारेची स्वतःची दुखणी आहेत. अमेरिकेत ओढण्याच्या चार तारांच्या जोडणीत पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूच्या इंडिकेटरची आणि ब्रेकची, हिरवी उजव्या बाजूची. म्हणजे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच तारेवर येतात. पिवळी आणि हिरवी दोन्ही एकदम जिवंत झाल्या की त्याचा अर्थ ब्रेक. आता तुम्ही धोक्याचे चारही दिवे लावून घाट हळू उतरत असाल, तर दोन्ही तारा एकदम लुकलुकतात, आणि काही यंत्रणा दर लुकलुकीला ब्रेकचा झटका देतात. हे दोनदा तपासावं असं आहे, कारण उतारावर धोक्याचे दिवे लावणं आपल्याकडच्या लोकांची सवयच असते. पांढऱ्या तारेची अर्थिंगची जोडणी गंजलेली असेल तर वीज दुसऱ्याच वाटेने परत जाते, आणि एका बाजूचा इंडिकेटर दिला तरी दोन्ही बाजूला मंद प्रकाश दिसतो. असं दिसलं की टो बारच्या धातूवर अर्थिंगसाठी विसंबू नका, तार नव्याने स्वच्छ धातूला बोल्टने आवळा.

डिझेलच्या मोठ्या मोटारहोमवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, तुम्हाला ती लागू नाही. एका गिऱ्हाइकाच्या पिकअपचे ब्रेक फक्त डोंगरातच जळायचे, सपाटीवर सगळं ठीक. मोटारहोमला इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा एग्झॉस्ट ब्रेक होता, आणि तो लागला की मागचे ब्रेक दिवे लागायची जोडणी होती. मागच्यांना इशारा मिळावा म्हणून ती योग्यच आहे. पण पिकअपची यंत्रणा केवळ दिव्यांवर चालायची. एग्झॉस्ट ब्रेक उतारभर चालू, दिवे उतारभर चालू, आणि पिकअपचे ब्रेक उतारभर लागलेले. ब्रेक पेडलच्या स्विचवरून स्वतंत्र तार आणली आणि तक्रार थांबली.

आता चाकांकडे वळू. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, साध्या हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. ओढत वीस-पंचवीस मैल सपाट रस्त्यावर जा, मग लांब एक्झिट असलेल्या ठिकाणी ब्रेक कमीत कमी वापरून थांबा, आणि लगेच चारही चाकांचं तापमान लिहून काढा. चमकणाऱ्या डिस्कच्या पृष्ठभागावर हे यंत्र कमी आकडा दाखवतं, म्हणून प्रत्येक चाकावर एकाच प्रकारच्या, मळकट किंवा गंजलेल्या जागेवर नेम धरा. एकट्या आकड्याला महत्त्व नाही, चाकांमधली तुलना बोलते. चारही चाकं गरम आणि पुढची जास्त, तर पेडल दाबलेलं होतं. फक्त मागची दोन गरम, तर हँडब्रेक पूर्ण सुटलेला नाही, किंवा त्याची केबल फार ताणलेली आहे. एकच चाक गरम, तर त्या चाकाचा कॅलिपर, त्याच्या सरकत्या पिना, किंवा आतून फुगून बंद झालेला रबरी होज. शेवटचा प्रकार वर्कशॉपमध्ये बरेचदा निसटतो, कारण होज बाहेरून चांगला दिसतो. ब्रेक लावताना जोराने ऑइल आत जातं, पण सोडल्यावर परत येत नाही. गरम चाकाच्या कॅलिपरचा ब्लीडर, म्हणजे ऑइल सोडायचा स्क्रू, उघडला आणि चाक लगेच मोकळं झालं, तर होज बदलायचा. हात लावून तापमान बघू नका. तापलेल्या डिस्कवर पाणी तर मुळीच ओतू नका, डिस्क वाकते किंवा तडकते. चाकातून धूर येत असेल तर गाडी वाळलेल्या गवतापासून दूर थांबवा आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात हे मी गंभीरपणे सांगतो.

ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याची, शंका तुमच्या मनात असेल तर दूर करून घ्या. ग्लॅडिएटर ओढताना ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पार्कमध्ये, हा मॅन्युअलमधला क्रम आहे. न्यूट्रलमध्ये टाकल्यावर इंजिन चालू ठेवून गिअर टाकून बघायचा. गाडी जागची हलायला नको, हलली तर न्यूट्रल लागलेलं नाही. ही चूक झाली तर गिअरबॉक्स जातो, पण पुढच्या डिस्क निळ्या होत नाहीत. त्यामुळे तुमच्या तक्रारीचं कारण ते नाही. तरी ही खात्री प्रत्येक प्रवासाआधी करायचीच.

आपत्कालीन ब्रेकच्या दोरीकडे, म्हणजे टो बार तुटला तर पिन ओढून पिकअपचे ब्रेक लावणाऱ्या केबलकडे, लोक लक्ष देत नाहीत. ती आखूड असेल तर तीव्र वळणावर ताणली जाते, पिन थोडी बाहेर येते आणि पेटी पूर्ण जोराने ब्रेक लावते. पेट्रोल पंपावर घट्ट वळण घेऊन हायवेला लागल्यावर वास सुरू झाला, असा प्रकार असेल तर ही केबल आधी बघा. मोटारहोम आणि पिकअप शक्य तेवढ्या कोनात उभ्या करा आणि केबल सैल आहे का ते तपासा. लांबी इतकीही नको की ती रस्त्यावर घासेल. केबलचं टोक मोटारहोमच्या चौकटीला बांधा, टो बारला नाही. टो बारच सुटला तर त्याला बांधलेली केबल काहीच ओढणार नाही. वर्षातून काही वेळा पिन हाताने ओढून ब्रेक खरोखर लागतात का ते बघा.

बॅटरीसाठी मोटारहोममधून पिकअपकडे चार्जिंगची तार हवीच, फ्यूजसकट. पेटी ज्या सॉकेटमधून वीज घेते ते इग्निशन बंद असताना चालू राहतं का, हेही बघा. अर्ध्या वाटेत वीज गेली की पेटी मरते आणि चालकाला कळतही नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. १२ च्या खाली गेली असेल तर ती ब्रेक चालवायच्या कामाची नाही. एकदा खोलवर उतरलेली बॅटरी चार्ज करून वर्कशॉपमध्ये लोडवर तपासून घ्या. आणि मोटारहोमच्या डॅशबोर्डवर एक मॉनिटर दिवा हवा, जो पिकअपचं पेडल दाबलं गेलं की लागतो. बऱ्याच पेट्यांबरोबर तो रिमोटच्या रूपात येतो आणि लोक तो ड्रॉवरमध्ये टाकून देतात. तुमच्या डोळ्यांसमोर तो दिवा असता, तर आय-५ वर वास येण्याच्या कितीतरी आधी कळलं असतं. टायरच्या दाबाचे सेन्सर पिकअपलाही बसवा. तापमान दाखवणारे सेन्सर असतील तर एखादं चाक तापायला लागल्याचंही कळतं.

तुमचे ब्रेक एकदा जळले आहेत, म्हणून दुरुस्ती नुसत्या पॅडवर थांबवू नका. साधं डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतं, पण हवेतली ओल शोषल्यावर मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. निळी पडलेली डिस्क त्याच्या कितीतरी वर गेलेली असते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि ते दाबले जातात म्हणून पेडल खाली जातं पण ब्रेक लागत नाही. सगळं ऑइल बदलून घ्या. डिस्क निळ्या आहेत म्हणजे बदलायच्या का, हे त्यांची जाडी आणि बारीक तडे बघून ठरतं, फोटोवरून मला सांगता येणार नाही. कॅलिपरच्या पिनांचे रबरी बूट वितळले आहेत का, व्हील बेअरिंगचं ग्रीस बाहेर आलं आहे का, हे मात्र नक्की बघायला सांगा.

हे सगळं कोणत्या क्रमाने करायचं, तर आधी ऑइल आणि डिस्कची वर्कशॉपमधली तपासणी, मग ड्राइव्हवेवर पेडलचं माप आणि दिवे, मग सीट आणि पेटी सपाट आहे का ते, मग व्हॅक्यूम संपवून जोर ठरवणं. त्यानंतर सपाट रस्त्यावरची थर्मामीटरची चाचणी, आणि ती ठीक झाली तरच डोंगर. टो बार जवळजवळ आडवा आहे ना, दोन्ही टोकांच्या उंचीत तीन इंचांहून जास्त फरक नाही ना, हेही त्याच वेळी बघा. फरक जास्त असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर पिकअप मोटारहोमच्या मागच्या बाजूवर चढायला बघते. आणि शक्य झालं तर पूर्ण सामान, पाणी आणि पेट्रोल भरून दोन्ही गाड्या ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर न्या. मोटारहोम आणि ओढलेली गाडी मिळून जेवढं वजन चासीला चालतं, त्याच्या आत तुम्ही आहात का हे आधी कळायला हवं. ते ओलांडलेलं असेल तर मी वर लिहिलेली कोणतीही दुरुस्ती पुरणार नाही.

डॉनर पुन्हा उतरताना समिटवरच गिअर खाली घ्या, उतार सुरू झाल्यावर नाही. घाट ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा हा आपल्याकडच्या चालकांचा नियम इथेही चालतो, फक्त जरा कमी वेगात. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका. वेग ठरवलेल्या मर्यादेपर्यंत वाढू द्या, मग ठाम ब्रेक लावून तो पाच-सात मैलांनी कमी करा आणि पाय पूर्ण काढा. असं केलं की मागची पेटीही पूर्ण लावते आणि पूर्ण सोडते, मधेच अडकून राहत नाही. समिट सोडल्यावर पहिल्या दहा मैलांत सुरक्षित जागा बघून थांबा, चारही चाकांचं तापमान घ्या, आणि कोलफॅक्सच्या आधी पुन्हा एकदा.

सपाट रस्त्यावरच्या चाचणीचे चारही आकडे, पेडलचं दांडा लावण्याआधीचं आणि नंतरचं माप, आणि पेटीची संवेदनशीलता कितीवर आहे, एवढं इथे लिहिलंत तर मी नक्की सांगू शकेन की दोष पेटीच्या बसण्यात आहे, तारेत आहे की चाकात.